जावेचे दोन ठोके

कारखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणत आणि ती ते बिरुद मिरवत असे. तिचं काम एकच: टाकाऊ प्लास्टिकच्या ढिगातून पीव्हीसी वेगळं काढायचं. साध्या पिशव्या आणि पीव्हीसीचे पातळ कागद दिसायला सख्ख्या बहिणी. बारीक तुकडा कापून लायटरवर धरायचा. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर पास, नाकाला झोंबला तर बाद. तुकडा ज्योतीत झटकन संपे. डोळ्यांना काही कळत नसे.

पास झालेला माल आतल्या टाकीत जाई. तिथे उत्प्रेरकाची काळी भुकटी त्याच्या लांबलचक साखळ्या तोडून यंत्रांसाठी उंची वंगण बनवी. भुकटी वर्षभर टिके, पण पीव्हीसीतला क्लोरीन लागला की कायमची मरे.

तीन वर्षांपूर्वी तापात नाकवालीची वास घेण्याची शक्ती गेली, ती गेलीच. नवरा आधीच गेलेला, दुसरं काम येत नव्हतं. तिने धाकट्या जावेचे पाय धरले. तेव्हापासून समोर बसणारी जाऊ धुराचा वास घेई आणि टेबलाखाली हळूच तिच्या पायावर पाय मारी. एक ठोका पास, दोन बाद.

एवढ्या उपकारानंतर एखादी नरमली असती. नाकवाली चारचौघांत जावेला जास्तच झोडपू लागली, म्हणजे कुणाला शंका नको.

एकदा केमिस्टबाई म्हणाल्या, "तुमच्या जावेलाही शिकवा ना हे."

"हिला?" नाकवाली हसली. "हिच्या घरात दूध करपतं, तेव्हा शेजारीण येऊन सांगते! पोराच्या अंगात ताप होता तोही हिला दुसऱ्या दिवशी कळला. पोर गेलं तेव्हा अक्कल आली."

बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे पाहू लागल्या. जाऊ खाली मान घालून कात्री चालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या गुंडाळीवर जावेने एकच ठोका दिला.

आठवड्याच्या आत टाकी थंडावली. वंगणाऐवजी आंबट, काळा चिखल निघाला. केमिस्टबाई मूठभर मेलेली भुकटी घेऊन आल्या. "ती पीव्हीसीची गुंडाळी कुणी पास केली?"

नाकवालीने जावेकडे पाहिलं. खरं सांगावं तर स्वतःचं नाक गेल्याचं सांगावं लागणार. "मीच. चुकून झालं."

"तीस वर्षांत पहिल्यांदा?" केमिस्टबाईंनी खिशातून एक तुकडा काढून तिच्यासमोर पेटवला. "सांगा. पास की बाद?"

धूर नाकात शिरला. कशाचाच वास नाही. टेबलाखाली दोन ठोके पडले, स्पष्ट.

नाकवालीने मनात चटकन हिशेब केला. जिने एकदा बुडवलं ती आता तारणार थोडीच? पक्कं उलटं सांगतेय, सटवी.

"पास," ती म्हणाली.

केमिस्टबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "बाई, उद्यापासून येऊ नका."

दाराशी जावेने तिला गाठलं. "या वेळी खरंच सांगितलं होतं हो, जाऊबाई," ती शांतपणे म्हणाली, आणि लायटरसाठी हात पुढे केला.