न्हाणीघराच्या कड्या

सेवेत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. बरेचसे आता धूसर झाले. पण दिग्रसजवळच्या एका वृद्धाश्रमातून कड्या चोरीला गेल्याची तक्रार मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

तिथे मी ठाणेदार होतो. आश्रमाचे व्यवस्थापक स्वतः ठाण्यात आले. न्हाणीघरांच्या दारांच्या आतल्या कड्या कोणीतरी काढून नेत होतं. नव्या बसवल्या की त्याही जात. हवालदारांना हसू आलं. मला मात्र कुतूहल वाटलं, कारण त्याच इमारतीत पितळेचे हंडे उघड्यावर होते आणि त्यांना कोणी हात लावला नव्हता.

भंगारवाल्यांकडे चौकशी केली. आमचा तिथला खबऱ्या म्हणाला, "साहेब, कड्या कोनीच आनल्या नाही. चोराले त्या इकायच्याच नसतील." टीप लहान होती, पण तपासाची दिशा बदलली.

महिला शिपायाला घेऊन आश्रमात गेलो. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, अंगण स्वच्छ. न्हाणीघरात कडी नव्हती, पण तिचे स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून खिडकीत ठेवले होते. कोणाच्या अनवाणी पायाला टोचू नयेत म्हणून इतकी काळजी घेणारा चोर बाहेरचा नसतो. शिवाय एका चौकटीला नव्या लाकडाचा तुकडा ठोकलेला दिसला. वाळवी लागली होती, असं व्यवस्थापक म्हणाले. बाकीची चौकट तर ठणठणीत होती.

त्यांना बाहेर बसवून मी रहिवाशांशी एकेक करून बोललो. पुसदकडच्या एका तांड्यावरून आलेल्या आजींनी माझा प्रश्न पुरा होण्याआधीच उशीखालून पिशवी काढून पुढे ठेवली. आत कड्या होत्या.

"म्याच काढल्या," त्या म्हणाल्या. "चमच्याच्या दांड्यानं."

कारण विचारल्यावर त्यांनी महिला शिपायाचा हात धरला. मग सांगू लागल्या. त्यांच्या खोलीतली सोबतीण एका सकाळी न्हाणीघरात घसरून पडली. आतून कडी. मदतीला असलेल्या एकमेव बाईला व्यवस्थापकांनी स्वतःच्या घरच्या कामाला पाठवलं होतं.

"बिचारी आतून हाका मारून राह्यलती. आमी साऱ्या म्हाताऱ्या दार लोटून राह्यलतो. आमच्यात जोरच नाही, साहेब. मंग तिचा आवाज बंद झाला."

रस्त्यावरच्या माणसांनी येऊन दार फोडलं, तोवर सगळं संपलं होतं. व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून मृतदेहाला कोरडं लुगडं नेसवून खाटेवर ठेवलं आणि मुलाला कळवलं, आई झोपेत गेली. जी तोंड उघडेल तिला घरी धाडू, अशी तंबी साऱ्यांना मिळाली.

"मले घर असतं त मी इथं आली असती काय?" आजी म्हणाल्या.

बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हातांना जमेल ते केलं होतं.

व्यवस्थापक ठाण्यात आधी ठाम राहिले. इतर बायकांचे वेगवेगळे घेतलेले जबाब जुळत गेले, तरी त्यांचं झोपेचंच पालुपद. शेवटी चौकट दुरुस्त करणाऱ्या सुताराला समोर उभं केलं. लाकूड किडलेलं नव्हतं, फुटलेलं होतं, असं त्यानं सांगितलं. मग व्यवस्थापकांनी मान खाली घातली. बदनामी होऊन आश्रम बंद पडला असता, म्हणाले. निष्काळजीपणामुळे मृत्यू आणि खोटी माहिती देणं, असा गुन्हा नोंदवला. चोरीची तक्रार निकाली काढली. पुढे आश्रमाचा कारभार दुसऱ्यांकडे गेला. बाहेरूनही उघडतील अशा कड्या बसल्या, भिंतींना धरायला दांडे आले, आणि मदतीच्या बायका वाढल्या.

जबाबासाठी नागपूरहून त्या मृत बाईंचा मुलगा आला. त्यानं एकच विचारलं, "आई किती वेळ हाका मारत होती?" खोटं बोलणं सोपं होतं. पण आजींनी सांगितलं तेच मी त्याला सांगितलं: आवाज बंद होईपर्यंत. त्याच्यासाठी मागवलेला चहा तसाच निवला.

त्या प्रकरणानं मला पाहायचं कसं ते शिकवलं. वृद्धाश्रम बघायला जाणारे खाटा बघतात, स्वयंपाकघर बघतात, रंग बघून समाधानानं परततात. मलाही आता ओळखीचे लोक विचारतात, आईवडिलांसाठी अमुक जागा बरी आहे का. मी तिथे जातो, व्यवस्थापकांचा चहा नाकारतो, आणि एखाद्या म्हातारीशेजारी बसून हळूच विचारतो, "बाई, इथं हाक मारली तर कोण येते?" ती उत्तर देण्याआधी, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून, दाराकडे पाहते की नाही, तेवढंच मी बघतो.