गुरुदासचा तुळाभार

गोव्यातल्या इब्रामपूरचा गुरुदास मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवायचा, आणि त्याच्या आधी त्याचे पोट गाडीत बसायचे. त्यामुळे कोणाचे काही अडत नव्हते. मग शेजारच्या सीटवरच्या एका पाहुणीने त्याची रील काढून खाली लिहिले, 'बाप्पा गाडी चालवताहेत'. लोकांनी रीलखाली धडाधड हात जोडले. देवभोळ्या माणसाने हे गोड मानून घ्यायचे. पण गुरुदासचे जेवणच तुटले.

"देवाच्या पोटाक हात जोडतास आणि आपल्या पोटाक शिव्या घालतास?" बायको संजना म्हणाली.

"तेचा पोट देवाचा. माजा भाताचा," गुरुदास कण्हला.

फोनवरच्या जाहिरातीतल्या माणसाचे पोट पाववाल्या पोदेराने ओळीने मांडलेल्या पावांसारखे रेखीव होते. त्याच्याकडे बघत गुरुदासने पोट उतरवायचा पट्टा मागवला. पट्टा आवळला की पोट वर चढून छातीशी येऊन बसे. हिरवी पावडरही झाली. शेवटी तो देवळात गेला आणि सगळ्यांसमोर बोलला, "देवा, हे पोट घालव. जत्रेला माझ्या वजनाइतका गूळ वाहीन." मानकरी शांतारामने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि तिथल्या तिथे जाहीर केले, की यंदा जत्रेच्या खिरीला दुसरा गूळ आणायचा नाही.

देवाने मनावर घेतले म्हणा, नाहीतर उपासाने. पोट गेले. जाताना गालही घेऊन गेले. आता गुरुदासला एकच हवे होते, ज्या जगाने ते पोट पाहिले त्याने हेही पाहावे. जत्रेला त्याने अंगाला चिकटणारा शर्ट घातला, दोस्त गौरेशच्या हाती फोन दिला आणि ऐटीत तुळाभाराच्या पारड्यात बसला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा पोट तू घालवलंस..." शांतारामने गाऱ्हाणे घातले.

"होय म्हाराजा!" सगळे गरजले.

समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा पडू लागल्या आणि बघता बघता गुरुदास वर गेला. टाळी एकही नाही. लोक त्याच्याकडे नव्हे, गुळाकडे बघत होते.

"येदोच?" आनंदीमावशी कळवळली. "आमची खीर खंय गेली?"

देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवून कौल लावला: नवस बोलला तेव्हाचे वजन धरायचे का? उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. पण जुने वजन पारड्यात बसवायचे तर अंगही तेवढेच हवे. तेव्हा ठरले, की गुरुदासने पुन्हा तेवढे व्हावे, मग तुळाभार आणि मगच खीर.

"पण पोट परत इला तर नवस कसलो?" गौरेशने विचारले.

"देवान आपला काम केला," शांताराम म्हणाला. "पोट सांभाळूचा काम तेचा न्हय."

दुसऱ्या दिवसापासून घराघरातून डबे सुरू झाले. गुरुदास आधी रडत जेवला, मग नुसता जेवला. पोट परतले आणि गावाने त्याला पुन्हा पारड्यात बसवले. ढेपांवर ढेपा चढल्या, तरी पारडे हलेना. "बस तसोच, गुरुदासा! घाला आणखी!" पोरीबाळी, म्हातारेकोतारे आनंदाने ओरडत होते. गौरेशचा फोन समोर होता. गुरुदासने सवयीने श्वास रोखला, पोट आत ओढले. आणि लोकांचे चेहरे पडलेले दिसताच घाईघाईने सोडून दिले.