बाबांसोबत पाहिलेला भुताचा सिनेमा

बाबांना सिनेमाला न्यायचं म्हटल्यावर आईनं माझ्याशी अबोलाच धरला. सिनेमा होता लढाईवरून परतलेल्या एका म्हाताऱ्याचा. त्याचा मेलेला सोबती रोज त्याच्याकडे गप्पा मारायला येतो. बाबाही तरुणपणी लढाईत होते. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत, पण झोपेत ओरडतात.

"खपली काहून काढून राहिली तू त्याहिची?" एवढंच आई बोलली.

मला मात्र वाटायचं, यांनी एकदा तरी तोंड उघडावं. त्यांच्या त्या गप्प बसण्याला जपत आम्ही भावंडं दबक्या पावलांनी वाढलो. त्याचा मला अजून राग येतो.

मी अकोल्याहून वलगावला आई-बाबांकडे गेले आणि बाबांना घेऊन अमरावतीत दुपारचा खेळ गाठला. सिनेमा अजबच. आधी भुताचा, मग विनोदी, मधेच झकास गाणं. एका प्रसंगात घरचे मांत्रिकाला बोलावतात. तो राख उधळत त्या सोबत्याला हाकलतो, आणि भूत बिचारं दारात चपला शोधत बसतं. सगळं थिएटर खदखदून हसलं. बाबा हसले नाहीत. मी त्यांचा हात धरला तर गार पडलेला.

"निघू या का, बाबा?"

"थांब. पाहू दे, जाते कुठी तो."

परतताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. आईचंच खरं झालं, असं मला वाटत होतं.

आई दारातच भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. आमच्याकडे कुणी भेदरलं की असा तुकडा अंगावरून उतरवून चौरस्त्यावर टाकतात, म्हणजे मागे लागलेलं असेल ते निघून जातं. बाबा झोपेत ओरडले की सकाळी ती हेच करायची, लग्नापासून. तेही निमूट उभे राहायचे. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे वं. तू त्याले चौरस्त्यावर सोडून येतं, अन् मी पुन्हा घरी बोलावतो. तो काई करत नाही. माह्या मांडीवर जीव गेला त्याचा. पोरगाच होता. दोन दिसाचा उपाशी."

मला रडू आवरेना. आई तुकडा हातात घेऊनच आत गेली आणि तिनं गॅस पेटवला.

"काय आवडे त्याले?" तिनं आतूनच विचारलं.

"बेसन," बाबा म्हणाले. "त्याची माय करे तसं, झणझणीत. लय सांगे मले."

आई पिठल्यासाठी कांदा चिरायला बसली. डोळे पुसत, जरा रागानंच म्हणाली, "मंग मले सांगतलं काहून नाही? उपाशी लेकराले मी इतकी वर्सं दारातून हाकलत राहिली."