पुढच्या खेपेला वर्णम्

त्या प्रकरणाची फाईल केव्हाच बंद झाली. पण पहाटे कुठे कोणी गळा साफ करून 'सा' लावला, की मला आधी ते प्रकरण आठवतं आणि मग देव आठवतो. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, देवळातल्या मूर्ती चोरीला गेल्या आणि परतही मिळाल्या. लोक त्याच गोष्टी विचारतात. मला मात्र सांगावीशी वाटते ती ही, जिच्यात गुन्हा शोधता शोधता भलतंच काही सापडलं. यातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. तंजावूर लहान गाव आहे. ओळखायचे ते ओळखतीलच.

गल्लीगल्लीत पिवळे एसटीडी बूथ उगवत होते आणि घरांवरून केबलच्या वायरी लोंबू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. जिल्हा पोलीस कार्यालयाच्या स्पेशल ब्रँचमध्ये मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि परदेशी लोकांच्या नोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं. आमच्या घरात बोलतात ती मराठी राजांच्या काळात इकडे आलेली. लिहायला मी पुष्कळ उशिरा शिकलो. शाळा जवळच्या ओरत्तनाडूला, तीही तमिळमधून. घराण्यातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे सरकारने दिलेल्या खुर्चीला मी रोज सकाळी हात लावून नमस्कार करी आणि मगच बसे. शिपाई हसत. हसोत बापडे.

त्या वेळी नियम असा होता: टूरिस्ट व्हिसा सहा महिन्यांचा. त्याहून जास्त राहायचं तर आमच्या कार्यालयात नोंदणी. म्हणजे सहा महिने भरायच्या आत जो देश सोडतो, तो आमच्या टेबलापर्यंत कधी येतच नाही.

एके दिवशी सकाळी फोन आला. बोलणं तमिळमध्ये, आवाज वयस्कर आणि सभ्य.

"राजवाड्यामागच्या गल्लीत एक परदेशी राहतो. तो हेर आहे."

"आपण कोण बोलताय?"

"एक नागरिक."

"हेर कशावरून?"

"दर सहा महिन्यांनी कोलंबोला जातो आणि परत येतो." मग जरा थांबून, खोल आवाजात, "परत येतोच."

"आणखी काही?"

"पहाटे उठून ओरडतो. श्रुती सोडून."

"काय सोडून?"

फोन ठेवला गेला.

आज कोणी हसेल, पण पलीकडे श्रीलंकेत यादवी पेटलेली होती; त्या वर्षांत आमच्या किनारपट्टीच्या जिल्ह्यात 'कोलंबो' हा शब्द ऐकला की पोलीस खुर्चीत ताठ होत असत. डीएसपी साहेबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. हात धुऊन आले ते टोपी घालूनच. म्हणाले, "आधी पाळत. मग आत घ्या."

पाळतीवर मी माझ्या हेड कॉन्स्टेबलला ठेवलं. हा जुना तमिळ माणूस, निवृत्तीला आलेला. आम्हा मराठी लोकांना इकडे 'रायर' म्हणतात, म्हणून मी त्याचा 'रायर सार'. काही दिवसांनी त्याने तोंडी अहवाल दिला.

"सार, पहाटे ओरडतो हे खरं. मग दूध आणतो. भाजीवालीशी पालेभाजीवरून भांडतो आणि जिंकतो. नळावर बायकांची भांडणं लागली की त्याला पंच नेमतात. मग सायकलवरून त्या भागवतरांकडे जातो." भागवतर म्हणजे शास्त्रीय गाणं गाणारे आणि शिकवणारे. हे तर आमच्यातलेच, मराठी घरातले, गावभर मान असलेले गवई.

"मोठ्या देवळात कोणाला भेटतो?"

"देवळात जातच नाही सार. समोरून जाताना सायकल न थांबवता छातीला हात लावतो, आपण लावतो तसा."

"राजवाडा पाहिला?"

"त्याच्या मागेच तर राहतो. मागे राहणारा कधी राजवाडा बघतो का?"

टूरिस्ट व्हिसावर आलेला, आणि पाहिलेलं काहीच नाही. संशय घट्ट झाला. आम्ही त्याला बोलावून घेतलं.

आला तो उंच, मध्यम वयाचा, उन्हाने लाल झालेला माणूस. वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नीट नेसलेली. डीएसपी साहेबांनी इंग्रजीत दरडावून विचारलं, "टूरिस्ट ना तुम्ही?" त्याने माझ्या पाटीवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

"रावजी, बसूं कां? सायकलीवर ऊन फार लागलें."

साहेबांनी मला विचारलं, "ही कोणती भाषा?"

"आमची, सर."

"तुमची म्हणजे कोणाची?"

"घरची, सर."

तेवढ्या वेळापुरता संशयित मीच होतो.

त्याच्या खोलीतून टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी जप्त झाल्या. सांकेतिक संदेश असतील म्हणून हेड कॉन्स्टेबलने दुपारभर बसून त्या ऐकल्या. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"सार, हा हेर नाही."

"कशावरून?"

"सांकेतिक भाषा असती तर समोरच्याला कळावी म्हणून तरी ती सारखी म्हटली असती. हा एकच ओळ दर वेळी वेगळी म्हणतो."

तरीही साहेबांचं समाधान होईना. त्यांच्या मते सरळ वर कळवावं, माणसाचं नाव काळ्या यादीत टाकावं. तसं झालं असतं तर त्याला पुन्हा कधीच व्हिसा मिळाला नसता. मी एक संध्याकाळ मागून घेतली. कॉफी मागवली, दोघांत वाटून घेतली आणि घरच्या भाषेत विचारायला लागलो.

तिकडे एका थंड देशात तो शाळेत भूगोल शिकवत असे. गाणं ऐकलं, नोकरी सोडली आणि भागवतरांच्या दारात येऊन उभा राहिला. आमची भाषा त्याने त्यांच्याच घरात उचलली.

"कोलंबोला कशाला जातां?"

"व्हिसाला. तिरुचीहून विमान आहे. तिकडे नवा टूरिस्ट व्हिसा देतात. मीं घेतों आणि येतों. दर खेपेला."

"इतक्या वर्षांत काय शिकलांत?"

"सरळी वरिसै."

सरळी वरिसै म्हणजे अगदी पहिले धडे, सरळ चढायचं आणि सरळ उतरायचं. आमच्याकडे दात पडायच्या वयाची मुलं ते संपवतात.

"आणि पुढे?"

त्याचा चेहरा उजळला. "वर्णम्. भागवतर बोलले आहेत. मीं निघतांना पाया पडतों तेव्हां ते बोलतात, जाऊन ये, पुढच्या खेपेला वर्णम् पाहूं." मग गंभीर होऊन म्हणाला, "दर खेपेला बोलतात, रावजी. मीं नाहीं आलों तर त्यांचा शब्द मोडेल."

वर्णम् म्हणजे पहिली मोठी बंदिश, या धड्यांच्या कितीतरी पायऱ्या पुढची. मी कपाळावर हात मारला नाही, कारण गणवेशात होतो.

आमच्या गावात निघणाऱ्याला 'जा' कोणी म्हणत नाही. तमिळमध्येही नाही, मराठीतही नाही. विमा एजंटालासुद्धा 'जाऊन या' म्हणतात आणि दार लावून घेतात. आणि 'पाहू' म्हणजे काय, हे नोकरदाराला वेगळं शिकवावं लागत नाही. माझ्या रजेच्या अर्जावर साहेब 'पाहू' म्हणाले की मी रेल्वेचं तिकीट रद्द करून येत असे. हा माणूस मात्र त्या शब्दांना धरून समुद्र ओलांडत होता आणि परत येत होता.

त्याच वेळी फोनवरचा तो आवाज मला आठवला. दूधवाला म्हणाला असता, ओरडतो. शेजारी म्हणाला असता, झोपू देत नाही. श्रुती म्हणजे गाण्याचा आधारसूर; 'श्रुती सोडून' अशी तक्रार त्याचं गाणं ऐकणारा एकच माणूस करू शकत होता.

मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "रावजी, बाहेर काढलें तर काढा. पण एकदां वर्णम् होऊं दे."

भागवतर तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पंख्याने वारा घेत बसले होते.

मी म्हणालो, "फोन तुम्हीच केलांत."

"कोणता फोन?"

"श्रुतीचा."

पंखा थांबला. मग ते म्हणाले, "काय करूं, रावजी? एवढ्या लांबून माणूस आला, पाया पडला. नाहीं कसें बोलूं?"

"गाणं येणार नाही हे कधी कळलं?"

"पहिल्या 'सा'ला."

"मग?"

"मनांत बोललों, सहा महिन्यांचा तर व्हिसा. सोसूं."

"आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा?"

"मला वाटलें कांहीं सामान विसरला असेल."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "खरें सांगा की अवघें. तो कसाही गायला तरी तुम्ही 'बरें आहे' बोलतां."

"चुकलें म्हटलें तर दुरुस्त करावें लागतें," भागवतर आतल्या दिशेने म्हणाले. "दुरुस्त करूं लागलों तर तो राहतो."

"मग आतां काय गेला?" आतून उत्तर आलं.

मला राग आला होता. मी म्हणालो, "खोटी खबर देणं गुन्हा आहे, हे राहू द्या. आमच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. त्यांनी वर्गात उभं करून मला सांगितलं, तुला गणित येणार नाही, इतिहास घे. मी घरी जाऊन रडलो. पण म्हणून मी बी.ए. झालो. त्यांचा फोटो आहे माझ्या देव्हाऱ्याशेजारी. तुम्ही एक 'नाही' वाचवायला माणसाला हेर केलंत."

भागवतर पुन्हा पंख्याने वारा घेऊ लागले. मी निघालो तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "जाऊन या."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे मांडणी केली. हेरगिरी नाही. पण टूरिस्ट व्हिसावर राहून शिकणं नियमात बसत नाही. त्याने मुदतीत देश सोडावा. परत यायचं तर आपल्या देशातून स्टुडंट व्हिसा घेऊन, गुरूच्या पत्रासह. साहेब विचार करून म्हणाले, "गुरू काय म्हणतो? जबाब घ्या. शिष्य आहे म्हणाला तर तुमचं खरं. नाही म्हणाला तर हा इतकी वर्षं खोटं सांगून राहिला. मग मी वर कळवणार."

म्हणजे सगळं त्या एका शब्दावर आलं, आणि तो शब्द भागवतरांना हवाच होता. 'नाही' म्हटलं की सुटका, तीसुद्धा सरकारी खर्चाने.

दोघांना समोरासमोर बसवलं. हेड कॉन्स्टेबलने पेनाचं टोपण काढलं. मी भागवतरांना विचारलं, "हा तुमचा शिष्य आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

भागवतरांनी उपरणं सारखं केलं. परदेशी त्यांच्याकडे पाहत होता, निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे पाहतात तसा. मला वाटलं, आता बोलणार.

"आहे," भागवतर म्हणाले. हेड कॉन्स्टेबल लिहू लागला. "पण पुढचेंही लिहा. याला गाणें येत नाहीं. श्रुती नाहीं, लय नाहीं."

हेड कॉन्स्टेबलने तेही लिहिलं. परदेशी माणसाने विचारलं, "कधींपासून?"

"पहिल्यापासून."

"मग तुम्ही 'बरें आहे' बोलत होतां तें?"

"खोटें."

त्याने मान खाली घातली. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याने तो घेतला नाही. मान वर करून विचारलं, "'सा' वर जातो कां खालीं?"

"खालीं," भागवतर चटकन म्हणाले, "आणि दुप्पट लयीच्या दुसऱ्या काळांत धांवतोस. कोणी मागें लागल्यासारखा."

त्याने तिथेच 'सा' लावला.

"वर घे. आणखी. पोट आवळूं नको. हां… गेला. पुन्हा."

त्याने पुन्हा लावला. भागवतर मांडीवर ताल धरून बसले, दोन्ही डोळे मिटलेले. साहेब केबिनमधून बाहेर आले. हेड कॉन्स्टेबलने पेन वर धरून मला हळूच विचारलं, "रायर सार, हे जबाबात घ्यायचं का?"

महिनाअखेर परदेशी गेला, पण कोलंबोला नाही, आपल्या घरी. स्टुडंट व्हिसा घेऊन परत आला आणि पहिल्यांदा माझ्या टेबलावर रीतसर नोंदला गेला. मुदत वाढवायला दरवर्षी गुरूचं प्रगतीचं पत्र लागे. पहिल्या वर्षी भागवतरांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'श्रुती नाही. लय नाही.' नव्या साहेबांनी विचारलं, असल्या पत्रावर मुदत कशी वाढवणार? मी नियम काढून दाखवला. विद्यार्थ्याने शिकत असलं पाहिजे एवढंच त्यात होतं. गाणं यायला पाहिजे असं कुठे नव्हतं. दुसऱ्या वर्षीचं पत्र, 'लय आली.' ते मी वाचून होईपर्यंत परदेशी टेबलापुढे उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही.

खोटं बोलणारा नजर चुकवतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. भागवतर वर्षानुवर्षं नजरेला नजर देऊन 'बरें आहे' म्हणत आले, आणि ते खोटं आहे असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. ते त्याला सौजन्य समजत. असलं खोटं पकडायला पोलीस कामाचा नाही. मी एवढंच केलं, की पुढे हाताखालच्या माणसाची रजा नामंजूर करायची झाली तर 'पाहू' न म्हणता 'नाही' म्हणू लागलो. लोक रागावत, पण त्यांची तिकिटं वेळेवर रद्द होत.

माझी बदली व्हायच्या थोडं आधी भागवतर स्वतः कार्यालयात आले. घामाने भिजलेले, हातात अर्ज. त्या वर्षी वरून काही हरकत आली होती आणि शिष्याची मुदत वाढेल की नाही याची खात्री नव्हती.

"रावजी, त्याला आतां पाठवूं नका," ते म्हणाले. "वर्णम् निम्में झालें आहे."

"बरं गातो का?"

"नाहीं," भागवतर लगेच म्हणाले. "पण चुकलें की आतां त्याला कळतें."

मी अर्ज घेतला आणि त्यावर शिफारस लिहिली.