खालच्या हद्दीवर

आपांचं आधी सांगते, मग माझं. नांदेडात कम्प्युटरच्या दुकानात मला हाताखाली घेतलं ते आपांनी. दुकान त्यांच्या भावाचं, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो; पण मशीनच्या आत काय चाललंय ते आपांना कळायचं. पॉलिटेक्निक केलेल्या त्यांच्या गल्लीतल्या पहिल्या बाई. आणि मी लातूरकडची, भूकंपात गाव गेलं तेव्हा आठवीतून शाळा सुटलेली. शटर अर्धं जरी खाली आलं तरी माझा जीव घुसमटायचा, म्हणून पावसाची झड लागली तरी आपा ते पूर्ण वर ठेवायच्या. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायच्या, मला हवा लागते. माझं नाव कधी घेतलं नाही.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. तसल्याच एका क्लासच्या सरांना कम्प्युटरवर टीव्हीवरचे अभ्यासाचे कार्यक्रम आणि रेडिओच्या बातम्या पकडून मुलांना ऐकवायच्या होत्या. भाईंनी ट्यूनर कार्डं आणली, आणि केंद्रं शोधून देणारा छोटा प्रोग्राम लिहायचं काम आपांनी हट्टानं मला दिलं. भाईंनी तोंडावरच सांगितलं, जमलं तर राहा, न्हाई तर मी डिप्लोमावाला बघतो. माघारी जायचं म्हणजे पत्र्याचं शेड, आणि मामानं बघून ठेवलेलं स्थळ.

काम तसं सरळ होतं. कार्ड आणि आपला प्रोग्राम यांच्या मध्ये ड्रायव्हर असतो. त्याला विचारायचं, बाबा, हा ट्यूनर कुठून कुठपर्यंत ऐकतो? तो खालची हद्द सांगतो, वरची सांगतो. टीव्हीचा खालचा आकडा आला सातशे चार. त्याचं माप म्हणजे मेगाहर्ट्झचा सोळावा हिस्सा, म्हणून सोळानं भागलं की चव्वेचाळीस मेगाहर्ट्झ. बरोबर. रेडिओचा आला दहा लाख चाळीस हजार. सोळानं भागलं तर पासष्ट हजार मेगाहर्ट्झ. एवढ्या वर कोणतं केंद्र बोलणार? मी ठरवलं, ड्रायव्हर खोटं बोलून राहिलाय. त्याचं उत्तर टाकून दिलं आणि टीव्हीच्याच हिशेबानं नांदेडचं केंद्र लावलं.

स्पीकरमधून खरखर आली. दुसरं केंद्र लावलं, मग तिसरं. तीच खरखर, जरासुद्धा फरक नाही.

ती माझ्या ओळखीची होती. भूकंपाच्या पहाटे आमच्या घराच्या दगडमातीखालून ती येत होती. मी आणि आई अंगणात निजलो होतो म्हणून वाचलो. दादा, म्हणजे माझे वडील, विसर्जनाहून दमून येऊन आत झोपलेले, रेडिओ बंद करायचा राहिला असणार. लोक म्हणाले, रेडिओ हाय तिथं माणूस हाय. उजाडल्यावर सगळे त्याच कोपऱ्यात उकरायला लागले. मीही दगड उचलत होते, मधेच कान लावत होते, कारण खरखरीत कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं. रेडिओ निघाला. मातीनं भरलेला, चालू. दादा पलीकडच्या खोलीत होते. तिकडं हात पोचले तेव्हा काही उरलं नव्हतं.

दुकानात मी आकडे बदलायचं सोडून स्पीकरला कान लावून बसले. भाई जेवून आले, त्यांनी बघितलं, आणि सरांना नाही म्हणून कळवतो, एवढंच आपांना बोलले. आपांनी स्टूल ओढलं.

"काय ऐकून राहिलीस?"

मी सांगितलं. आई सोडून पहिल्यांदाच कुणाला तरी. दादांचं, रेडिओचं, चुकीच्या कोपऱ्याचं.

आपांनी स्पीकर बंद केला नाही. मग विचारलं, "ड्रायव्हरनं काय सांगितलेलं?"

"येड्यासारखा आकडा."

"आणि त्याच्या बाजूला निशाणी दिली होती, ती वाचलीस?"

नव्हती वाचली. ती निशाणी असली की मोजायचं माप हजारपटीनं लहान धरायचं असतं. रेडिओला ती होती. म्हणजे पासष्ट हजार नव्हे, नुसते पासष्ट. माझे आकडे इतके लहान जात होते की ड्रायव्हर दर वेळी मला उचलून खालच्या हद्दीवर ठेवत होता. मी कोणतंही केंद्र मागितलं तरी उभी होते त्याच एका रिकाम्या जागी.

"तिथं कुणी न्हाई बेटा," आपा म्हणाल्या. "तू बोलावतेस म्हणून कुणी येणार न्हाई."

मी गुणाकार बदलला. नांदेड लागलं; एक बाई हळदीचे भाव सांगत होती. भाई आतून आले, उभ्यानंच ऐकलं, आणि सरांना लावायला घेतलेला फोन खाली ठेवला. "राहा मग," म्हणाले. "चहा मात्र आजपासून तूच करायचा. आपाचा चहा म्हणजे औषध."

आज मी हैदराबादेत असते, असल्याच कामावर. माझा प्रोग्राम आधी हद्द विचारतो, निशाणी वाचतो, मगच पुढं सरकतो. तरी दोन केंद्रांच्या मधे खरखर आली की माझा हात थांबतो. आपांचं म्हणणं पटलेलं आहे. पण थांबतो.

आपा आता गुडघ्यांच्या दुखण्यानं घरी बसल्यात. ऑपरेशन टाळून राहिल्या आहेत, भुलीची भीती वाटते म्हणून. हे त्या भाईंनासुद्धा सांगत नाहीत, मला फोनवर सांगतात. आपा, तारीख ठरवा. मला रजा मिळो न मिळो, मी येईन, तुम्हाला आत नेईपर्यंत हात धरीन आणि शुद्धीवर याल तेव्हा समोर असेन. त्यानं तुमचं सगळं फिटणार नाही. पण एवढं मी फेडीन.