व्याह्यांची काचपट्टी

पोटातलं पोटात ठेवणारा माणूस अख्ख्या वसईत एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे व्याही. हसा खुशाल. गावाच्या संडासाचे नमुने तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या तोंडात काही टिकत नाही, असंच तुम्ही आजवर म्हणत आलात. साफ चुकलात.

विषयाची त्यांना लाज नव्हती, हे कबूल. आमच्या पोरांच्या साखरपुड्यात खीर वाढली, तर यांनी एक शेवई चमच्यावर उचलून जंत कसा दिसतो ते माझ्या बायकोला दाखवलं. लॅबमध्ये कोणी श्रीखंडाचा डबा काठोकाठ भरून आणला की ओरडायचे, "अरे बाबा, नमुना मागितला, अख्खं पीक नाही!" नमुना शिळा असला तर तसाच परत. काचपट्टीवर आयोडीनचा थेंब टाकून मायक्रोस्कोपला डोळा लावला की बाहेर लग्नाचा बँड वाजला तरी मान वर नाही; आणि जंताचं एखादं अंडं सापडलंच तर त्यालाच म्हणायचे, "आलात? या!" पण ते अंडं कोणाच्या पोटातलं, हे त्यांच्या बायकोलाही कधी कळलं नाही.

एका उपवासकाळात माझं पोट बिघडलं. ईस्टरपर्यंत आमच्या घरी मासळी चालते, मटण वर्ज्य. त्यात मी चर्चच्या कमिटीत, दुसऱ्यांना उपवासाचे उपदेश करणारा. व्याह्यांनी मला आत बोलावून दार लावलं.

"जंत नाहीत. पण मांसाचे न पचलेले तंतू दिसतायत."

मी घाबरून बोलून गेलो, "एकदाच खाल्लं हो मटण! सातिवलीच्या ढाब्यावर."

"अहो, मी मासळी धरून चाललो होतो," ते कानांवर हात ठेवत म्हणाले. "मी काही ऐकलं नाही."

राहवेना म्हणून बायकोला मीच सांगितलं. तिने बहिणीला, बहिणीने गावाला. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटल्यावर कोणीतरी विचारलं, "लॅबवाल्यानेच फोडलं ना?" मी म्हणालो, "आणखी कोण?"

एवढंच बोललो. पण लोक डब्या घेऊन विरारला जाऊ लागले. व्याह्यांनी खुलासा केला नाही, कारण खुलासा करायचा तर नमुना माझा होता हे आधी सांगावं लागलं असतं. शेवटी लॅबला कुलूप लागलं.

गेल्या रविवारी मी चर्चच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना ऐकवलं, "मटण मी खाल्लं, बोंबही माझ्याच घरातून उठली! त्या माणसाने चकार शब्द काढला नव्हता. काय म्हणायचं ते मला म्हणा!" संध्याकाळी व्याही लालबुंद होऊन दारात.

"पेशंटचं नाव चारचौघांत घेतलंत?"

"अहो, पेशंट मीच होतो!"

"म्हणून काय झालं?"

आठवडाभर बोलले नाहीत. लॅब आता उघडणार नाही. नजर गेली, असं ते स्वतःच सांगतात. तेही खोटं. आज मिस्साला मला उशीर झाला, तर भरल्या चर्चमध्ये त्यांनी मला दारातच ओळखलं, आणि समोर बघत बाकावर जरासे सरकले.