दाराआडची पिशवी

ती पिशवी आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खाकी कापडाची, तोंडाला सुतळी बांधलेली. नोकरीत मी कोयते पाहिले, रक्ताने भिजलेले सदरे पाहिले, पंचनाम्यात ते लिहिले आणि विसरलो. पण त्या पिशवीत एक धोतर, एक घोंगडं आणि तंबाखूची डबी एवढंच होतं, आणि तिची धास्ती अजून गेलेली नाही.

मी मूळचा परभणीकडचा. वडील गेले आणि आठवीतून शाळा सुटली. भरतीसाठी कोल्हापूरला आलो तेव्हा इथे ओळखीचं कोणी नव्हतं. जो तो विचारायचा, "पावणं, कुठलं म्हनायचं?" आणि उत्तर ऐकायच्या आत ताटात भाकरी वाढायचा. या जिल्ह्याने मला वर्दी दिली, घर दिलं, सहायक फौजदार करून निवृत्त केलं. आज मुलगा कागलच्या एमआयडीसीत आहे, म्हणून गावाकडे परतणं राहूनच गेलं. हे उपकार मी विसरत नाही. पण शिक्षण कमी असल्यामुळे कागदाची भीती मात्र कायम राहिली. गुन्हेगाराला भ्यालो नाही तेवढा मी टपालाला भ्यालो.

राधानगरीच्या बाजूला एका ठाण्यात मी हवालदार होतो. एके दिवशी बारनिशीने, म्हणजे आमच्या आवक-जावक कारकुनाने, माझ्या हातात एक इंग्रजी पत्र दिलं. कलेक्टर कचेरीतून फिरत फिरत ते आमच्याकडे आलं होतं. साहेबांनी मला वाचून दाखवलं. इटलीतल्या एका शाळामास्तराने लिहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या गावाजवळ आपल्याकडचे काही शिपाई मारले गेले, त्यांची नावं तिथे एका भिंतीवर कोरली आहेत. त्यातला एक माझ्या बीटातल्या, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेल्या गावांपैकी एका गावचा होता. त्याचे कोणी नातेवाईक हयात आहेत का, तो माणूस कसा होता, एवढंच मास्तरला हवं होतं. पत्रासोबत त्या भिंतीचा फोटो होता. खाली शेरा होता, 'चौकशी करून सात दिवसांत अहवाल सादर करावा.'

"सोपं काम आहे," साहेब म्हणाले. "जा, भावाबिवाचा जबाब घे आणि ये."

गावाच्या चावडीला लढाईवर गेलेल्यांचा दगड होता. त्यावर ते नाव सापडलं. पोलीस पाटलांना विचारलं. ते म्हणाले, "शिपाई धाकटा. बिनलग्नाचा. लढाईत गेला. थोरला हाय, पर त्याला ऐकू कमी येतंय."

दूध डेअरीच्या सेक्रेटरीला विचारलं. "शिपाई धाकटा. बिनलग्नाचा. लढाईत गेला. थोरला हाय, पर ऐकू कमी येतंय." किराणा दुकानदारानेही तेच सांगितलं, त्याच क्रमाने. थोरला भाऊ कुठे आहे विचारलं, तर म्हणे रानात गेलाय, आज यायचा न्हाय.

माझा एक अनुभव सांगतो. खरं बोलणारी तीन माणसं एकमेकांशी भांडतात. एक म्हणतो मंगळवार, दुसरा म्हणतो बुधवार, तिसरा दोघांना वेड्यात काढतो. शिकवलेली माणसं मात्र एका सुरात बोलतात. आणि पत्रात काय आहे, हे त्या गावात मला एकानेही विचारलं नाही. पोलिसाने आणलेला कागद कसला, हे जिथे कोणी विचारत नाही, तिथे काहीतरी पुरलेलं असतं.

ठाण्यासमोर एक मुसलमान टेलर बसायचा. आमच्या सगळ्यांच्या वर्द्या तोच शिवायचा. त्याने मला थांबवलं.

"हवालदार, कुठं गेलतासा उन्हाचं?"

मी गावाचं आणि शिपायाचं नाव सांगितलं. त्याचं मशीन थांबलं.

"माझा बाप त्याच्यासंगं बोटीत हुता," तो म्हणाला.

"मग सांग की, कसा होता माणूस?"

"बाप सांगायचा, लई तगडा गडी. पर रोज बायकोची याद काढून रडायचा."

"बायको? त्याचं लग्न झालं नव्हतं म्हणतात."

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा पायडल मारायला लागला. "मी कुठं काय म्हनलो? तुमची पँट मंगळवारी देतो. जावा आता. आन् माझं नाव काढू नगासा, मला त्या गावात बाजाराला जायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. मोटारसायकल ओढ्याअलीकडे लावली आणि चालत शिरलो. थोरला भाऊ उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होता. पंच्याहत्तरीचा म्हातारा. त्याने माझी वर्दी पाहिली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. तो उठला, धोतर झटकलं, दाराआड हात घातला आणि ती पिशवी काढली.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? न्ह्यायलाच आलासा न्हवं?"

त्याला चांगलं ऐकू येत होतं. निर्दोष माणूस आधी 'काय झालं' विचारतो. हा सामान घेऊन निघाला होता. तेवढ्यात आतून म्हातारी धावत आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात त्याच्या चपला.

"भावजी, पायतान तरी घाला!"

येण्याआधी मी मतदार यादी पाहिली होती, तीत ते दोघे नवरा-बायको होते. नवऱ्याला कोणी भावजी म्हणत नाही. तिच्याही ते लक्षात आलं, आणि चपला हातातून गळून पडल्या.

पोलीस पाटील धापा टाकत आले. "हवालदार, म्हातारी हाय, चुकून बोलली."

"चुकून न्हाय," म्हातारी म्हणाली आणि मटकन खाली बसली. "पंचावन्न वर्सं संबाळलं. आता दम न्हाय माज्यात."

मी जबाबाचा कागद काढला. नाव विचारलं. त्याने थोरल्याचं नाव सांगितलं. मी लिहिलं नाही, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने चावडीकडे पाहिलं आणि अडखळत एक नाव घेतलं. दगडावर तेच नाव होतं.

धाकटा पलटणीत भरती झाला होता, हे खरं. बोटीवर चढायच्या आधी रजेवर आला आणि घाबरला. जंगलात लपला. मग संस्थानचा पोलीस गावात आला. म्हणाला, शिपाई हजर करा, नाहीतर म्हाताऱ्या बापाला नेतो. थोरल्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने धाकट्याचा गणवेश अंगात घातला आणि पोलिसापुढे उभा राहिला. 'मीच त्यो.' त्या पोलिसाने दोघांनाही आधी पाहिलेलं नव्हतं. त्याने त्या वेळच्या पोलीस पाटलाकडे पाहिलं, पाटलाने मान हलवली. एवढीच ओळखपरेड.

"त्येची पलटण म्होरं गेल्ती," म्हातारा म्हणाला. "मागं ऱ्हायलेल्या शिपायांत घातलं दादाला. तिथं वळखनारं कोन न्हवतं. जाताना म्हनला, मी आलो की नावं बदलू."

मरणाची तार आली ती धाकट्याच्या नावाने. आता धाकट्याने थोरला होऊन जगायचं, एवढंच उरलं. सगळ्या गावाने ते झाकलं. पोरांकडूनसुद्धा ते वाक्य पाठ करून घेतलं. वहिनीने कुंकू पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर दिराला पोलीस घेऊन गेले असते. एका छपराखाली दोघांनी दोन खोल्यांत जन्म काढला. त्याने लग्न केलं नाही. आणि पिशवी पंचावन्न वर्षं दाराआड.

"आता बेडी घालतासा?" त्याने विचारलं.

गल्ली भरली होती. कोणी हलत नव्हतं. पळून गेलेल्या शिपायाचं इतक्या वर्षांनी काय होतं, हे मला माहीत नव्हतं. आठवी शिकलेला मी, चुकीचं बोलायला भीत होतो. म्हणून म्हणालो, "आज नाही."

हे दोन शब्द मी बोलायला नको होते.

ठाण्यात साहेबांनी जबाब वाचला. मग सैन्यातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "कागदावर हा मेलाय. मेलेल्याला कोण धरतंय? ज्या सरकारचा गुन्हा, ते सरकार बोटीत बसून गेलं. खरं आहे तसं लिही आणि त्या म्हाताऱ्याला सांगून ये." त्यांनी मास्तरच्या पत्राचा मराठी मजकूरही मला वहीत उतरवून दिला. त्यांचे ते उपकार आहेत.

पण मध्येच बंदोबस्त लागला आणि मला चार दिवस निघता आलं नाही. पाचव्या दिवशी गेलो, तर माझी गाडी वाजताच दारं लागली. म्हातारा उंबऱ्यात बसला होता, पिशवी मांडीवर. दाढी वाढलेली, गाल बसलेले.

"तवापास्नं हितंच हाय," म्हातारी म्हणाली. "जेवना, झोपंना. तुमी 'आज न्हाय' म्हनलासा. मग कवा, त्येवडंच इचारतंय."

मी ओरडूनच सांगितलं, "न्यायला नाही आलो! तुम्हाला कोणी नेणार नाही! कधीच नाही!" गल्लीतली दारं एकेक करून उघडली. म्हातारा मात्र पिशवी घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते खरं वाटेना.

म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "साहेब, त्यास्नी अग्नी दिला का तसंच टाकलं?"

मी वही उघडून वाचलं. तिथल्या टेकडीखाली शिपायांनी लाकडं रचली होती आणि आपल्या रिवाजाने दहन केलं होतं.

"कोन हुती ती मानसं?"

"पलटणीतली. आपल्याकडचीच."

तिने मान हलवली. मग दिराच्या मांडीवरची पिशवी घेतली, सुतळी सोडली आणि घोंगडं काढून झटकलं. ते तिच्या नवऱ्याचं होतं. तिने ते घराच्या पुढच्या सोप्यात अंथरलं आणि म्हणाली, "उठा भावजी, हितं बसा. भाकरी वाढते." तो लहान पोरासारखा उठला आणि बसला.

पुढे गावाने चावडीच्या दगडावर थोरल्याचं नाव कोरलं. धाकट्याचं खोडायला निघाले, तर म्हाताऱ्याने खोडू दिलं नाही. "त्याच नावानं मेलाय दादा," म्हणाला.

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही. कुठल्याही बक्षिसाच्या यादीत ते नाही. पण एका पोलिसाने त्या दारात दिलेली धमकी पंचावन्न वर्षं पुरली, आणि माझे दोन शब्द चार दिवस. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी ज्या ज्या दारात नुसती चौकशी करायला गेलो, तिथे नाव-गाव विचारायच्या आधी एकच सांगायचो, "न्यायला आलो नाही, विचारायला आलोय." आणि सांगताना माझी नजर आपोआप दाराआड जायची.